बाटली आडवी झाली, पुढे माणसाचं काय?

सोलापुरात दारूवरचा वाद ठरलेल्या वाटेने जातो. एखाद्या पेठेत शाळेजवळ देशीचं दुकान येतं, बायका रस्त्यावर उतरतात, पूनम गेटला धरणं धरलं जातं, 'उभी बाटली की आडवी बाटली', म्हणजे दुकान ठेवायचं की बंद करायचं, असं मतदान घ्या म्हणून निवेदन दिलं जातं. दुसऱ्या बाजूने दुकानदार आणि त्याचे कैवारी म्हणतात, परवाना काढून धंदा करतोय, चोरी करत नाही. ज्याला सोडायची तो सोडतोच की. आठवडाभर दोन्हीकडून गरमागरमी होते. मग दुकान दोन गल्ल्या पलीकडे सरकतं किंवा सरकत नाही आणि पुढचं दुकान येईपर्यंत वाद निपचित पडतो. मला खटकतं ते हे की पिणारा माणूस या दोन्ही बाजूंना दिसतच नाही. एकीला वाटतं, दुकानाला कुलूप लागलं की तो आपोआप सुधारेल. दुसरीला वाटतं, मनात आणलं तर उद्या सकाळी सोडेल. पण ज्याने आज खरोखर सोडली आहे, ज्याच्या बायकोचा अजून विश्वास बसलेला नाही, ज्याचा कारखाना नुकताच सुटलाय आणि घड्याळात संध्याकाळचे सात वाजलेत, त्याने आता कुठे जायचं? हा प्रश्न कुठल्याच निवेदनात नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दुकानं हटवण्याचा लढा चालू राहावा, पण त्याच्या निम्मं लक्षसुद्धा आपण दारू सोडलेल्यांच्या संध्याकाळच्या मीटिंगकडे दिलं नाही तर त्या लढ्यातून हाती फार काही लागणार नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला 'एए' म्हणतात, त्याचे गट सोलापुरातही आहेत. फी नाही, अर्ज नाही, आधार कार्ड कुणी मागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. तरी ही मीटिंग कुठे आणि कधी असते हे शहरात किती जणांना सांगता येईल? रिक्षावाल्याला देशीचं दुकान म्हटलंत तर तो पुढे एक शब्द न विचारता नेऊन सोडेल. एएची मीटिंग म्हटलंत तर बहुधा एखादी क्रेडिट सोसायटी समजेल. मीटिंग सापडणं आणि सापडल्यावर तिथे जाता येणं, या दोन गोष्टी गावाच्या हातातल्या आहेत आणि गावाने त्या हातात घेतलेल्या नाहीत.

या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःच्या पिण्याचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. खुल्या मीटिंगला घरची माणसं, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. अशा खुल्या मीटिंगला मी बसलो आहे. शाळेचा वर्ग होता. बाक इतके बुटके की मोठ्या माणसांचे गुडघे पोटाशी येत होते. फळ्यावर दुपारची लसावि-मसाविची उदाहरणं तशीच होती. माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस थेट लूमवरून आला असावा, कारण त्याच्या कानामागच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले होते आणि तो मोठ्याने बोलत होता, साच्याच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं बोलतात तसा. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, 'मी एक मद्यपी' म्हणायचा आणि आपलं सांगायचा. मध्ये कुणी बोलत नव्हतं, सल्ला देत नव्हतं, 'असं करायला नको होतं' म्हणत नव्हतं. कोण काय बोललं ते इथे लिहिणार नाही, तसा तिथला रिवाज आहे. शेवटी एक कापडी पिशवी फिरली. मीही खिशात हात घातला, तेव्हा शेजारच्याने हळूच हात धरला आणि म्हणाला, 'तुमचे चालत नाहीत.' बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही, भाडं आणि चहा आपला आपण भागवायचा, असा त्यांचा नियम आहे. ज्या शहरात वर्गणीची पावती घेऊन दारात कुणी येत नाही असा महिना जात नाही, तिथे पैसे नाकारणारी माणसं बघून मी जरा गडबडलोच.

हे सगळं सुरू कसं झालं, ते मुद्द्याला धरून आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर दीडेक वर्षाने, १९३५ च्या मे महिन्यात, बिल विल्सन नावाचा शेअर दलाल ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. काही महिन्यांपासून त्याने दारू सोडली होती. व्यवहार फिसकटला आणि हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उरला. एका अंगाला बारमधला गलका, दुसऱ्या अंगाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने यादीवरच्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली आणि विचारलं, मला एखाद्या पिणाऱ्या माणसाशी बोलायचंय, कुणी ठाऊक आहे का? त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही या बोलीवर आले होते. रात्री उशिरापर्यंत बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस आणि तोच एएचा स्थापनादिवस मानला जातो. या गोष्टीतला पाद्री विसरा, अमेरिका विसरा. उरतं ते एवढंच की त्या माणसाला त्या संध्याकाळी दुसरा कोण आहे हे शोधावं लागलं आणि शोधायला एक यादी होती. सोलापुरात आज ती यादी कुठे टांगलेली आहे?

आता समोरच्यांचं ऐकू. दुकान हटवा म्हणणाऱ्या बायका भाबड्या आहेत, असं मी अजिबात मानत नाही. पिणं हे उपलब्धतेवर अवलंबून असतं. कारखान्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर तीन दुकानं असतील तर आठवड्याच्या पगारातलं काय घरी पोचणार, याचा हिशेब विड्या वळणाऱ्या बाईला कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा बरा कळतो. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर तिने घर रेटलेलं असतं. या लढ्याला सोलापुरात इतिहासही आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर इथले लोक रूपाभवानीकडची शिंदीची झाडं तोडायला गेले होते. धरपकड झाली, गोळीबार झाला, पाठोपाठ मार्शल लॉ आला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्याला फासावर गेले. ज्या गावात शिंदीच्या झाडावर घातलेला घाव सरकारवर घातलेला घाव होता, त्या गावाला 'दुकानाच्या मागे कशाला लागता' असं सांगणारा मी कोण? अलीकडचंही चांगलं उदाहरण आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. हातभट्टी फोडून परत फिरण्याऐवजी, भट्टी लावणाऱ्या कुटुंबाला दुसरा रोजगार कुठला मिळेल याचा पिच्छा त्यात पुरवला गेला. पुरवठ्याच्या बाजूने काम करायचं तर असं करावं.

पण याच बाजूचा पुढचा इतिहासही बघा. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. तो रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री पिण्यासाठी परवाना लागतो, आणि एक दिवसाचा परवाना म्हणजे काय प्रकार असतो हे परमिट रूममध्ये बसणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. एका हाताने बंदीचा कायदा आणि दुसऱ्या हाताने उत्पादन शुल्काचे हजारो कोटी, असा आपला संसार आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बंदीनंतर वीसेक वर्षांनी 'मुक्तिपथ' उभं करावंसं वाटलं, गावोगावच्या संघटना आणि व्यसन उपचार यांची जोड द्यावीशी वाटली, ती का? बंदीने सगळं भागलं असतं तर ही उस्तवार कुणी केली असती? ज्याला दारूशिवाय सकाळी चहाचा कप धरता येत नाही तो दोन गल्ल्या काय, दोन तालुके पलीकडे जातो. सोलापूरहून कर्नाटकची हद्द काही फार लांब नाही.

दुसरी बाजू इच्छाशक्तीची. हे लोक एक खरी गोष्ट सांगतात: कुणाच्याही मदतीशिवाय दारू सोडलेली माणसं असतात आणि ती कमी नसतात. प्रत्येक घराण्यात असा एक काका असतो, 'एका रात्रीत सोडली, पुन्हा शिवलो नाही' म्हणणारा. काकांना नमस्कार. पण काकांच्या गोष्टीवरून धोरण ठरवता येत नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात दारूचं अवलंबित्व जडलेली माणसं सुमारे २ कोटी ९० लाख, आणि त्यांपैकी कुठल्याही प्रकारची मदत मिळालेला माणूस ३८ मध्ये एक. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. बाकीचे सदतीस इच्छाशक्तीच्या जोरावर सुटले असते तर या आकड्यात आलेच नसते. शिवाय ही इच्छाशक्ती सकाळी दहा वाजता भरपूर असते. संध्याकाळी सातला, शिफ्ट सुटताना, चौकात नेहमीचे चौघे उभे असताना आणि त्यातला एक 'काय बे, आज इकडं कुठं?' म्हणत खांद्यावर हात टाकत असताना, ती कुठून आणायची? मीटिंग सातच्या सुमाराला असते ती काही उगाच नाही.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे तिसरं एक मत इथे ऐकू येतं आणि ते मला सगळ्यांत वजनदार वाटतं. लोक म्हणतात, ही परदेशी थेरं कशाला? गळ्यात तुळशीची माळ घाल, दारू सुटेल. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून दारू सोडा असंच सांगितलं, आणि माळ घालून सुटलेली घरंच्या घरं मी तुम्हाला दाखवू शकतो. अगदी मान्य. फक्त माळ घातल्यावर नेमकं काय होतं ते नीट बघा. माणूस एकादशी धरतो, म्हणजे महिन्यातले दोन दिवस आधीच बांधले जातात. संध्याकाळी हरिपाठाला जातो, म्हणजे नेमकी ती धोक्याची वेळ भरते. दिंडीत चालतो, तिथे त्याच्यापेक्षा वयाने लहान माणूसही पाया पडतो आणि हाही त्याच्या पाया पडतो. कालचा दारुडा म्हणून कुणी वेगळा बसवत नाही. एक दिवस भजनाला गेला नाही तर 'माउली, काल दिसला नाहीत' म्हणून विचारणारा असतो. म्हणजे मण्यांच्या बरोबरीने काम करते ती माणसांची संगत, नेमाची आणि बरोबरीची. हेच तर मीटिंगमध्ये चालतं. ज्याला माळ मानवते त्याने ती जरूर घालावी. पण ज्याला देव मानवत नाही, ज्याच्या घरी तुळस नसून नमाज आहे, किंवा ज्याला मटण सोडायचं नाही पण दारू सोडायची आहे, त्याने काय करायचं?

माळ आणि शपथ या दोन्हींत मला एक अडचणही दिसते. तुळजापूरला, अक्कलकोटला, गाणगापूरला जाऊन आजन्म न पिण्याची शपथ घेतलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शपथ मोडली की माणूस दुहेरी बुडतो: दारू तर आलीच, वर देवाला फसवल्याची टोचणी. ती टोचणी विसरायला तो काय करतो हे सांगायला नको. एएमध्ये आजन्म कुणी काही बोलत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. 'स्लिप' झालेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो, 'काल प्यालो' म्हणतो, आणि त्याला बसायला बाक असतो. यात ढिलाई आहे, असं म्हणणारे भेटतात. मला तर यात पिणाऱ्या माणसाची जाण दिसते.

देवाचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही, कारण शिकलेल्या लोकांचा अडसर तिथेच आहे. एएने दारू सोडण्यासाठी आखलेल्या बारा पायऱ्यांत 'स्वतःहून मोठी शक्ती' येते, देव येतो, प्रार्थना येते. आणि हे सगळं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून आलं, हे खरं आहे. मीटिंगा पुष्कळ ठिकाणी चर्चच्या खोल्यांत भरतात तेव्हा धर्मांतराची कुजबुजही होते. पण त्या पायऱ्यांत देवाच्या पुढे 'आम्हाला तो जसा उमगला तसा' हे शब्द जोडलेले आहेत, आणि ते सुरुवातीच्या काळातल्या नास्तिक सभासदांनी भांडून जोडून घेतलेले आहेत. चर्चची खोली मिळते त्याचं कारण साधं आहे: ती संध्याकाळी रिकामी असते आणि कमी भाड्यात मिळते. ज्यांना ती खटकते त्यांनी दुसरी खोली देऊ करावी. आणि तरीही ज्याला ही भाषा घशाखाली उतरत नाही, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, समुपदेशन घ्यावं, नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. एए हाच एक मार्ग, असं म्हणणारा सभासद भेटला तर त्याच्याशी मी वाद घालेन.

पुराव्याचं काय? 'नुसतं बोलून दारू सुटते काय' हा प्रश्न रास्त आहे आणि बराच काळ त्याचं उत्तर धड नव्हतं. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेनने २००६ मध्ये म्हटलं होतं, ठाम काही सांगता येत नाही. २०२० मध्ये त्यांनी पुन्हा छाननी केली, २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं धरून. वर्षभराने पूर्णपणे दारूपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण इतर मान्यताप्राप्त उपचारांत ३५ टक्के, तर माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत ४२ टक्के. प्रामाणिकपणे सांगायचं तर ४२ म्हणजे ५८ जणांना ते साधलं नाही, आणि हे अभ्यास आपल्या मातीतले नाहीत. पण 'जोडून देणाऱ्या' या गोष्टीवर लक्ष ठेवा, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. १९८१ मधला एक अगदी छोटा अमेरिकी अभ्यास आहे, फक्त वीस रुग्णांचा. निम्म्यांना मीटिंगचा पत्ता आणि वेळ सांगितली, जा म्हटलं. उरलेल्यांसाठी समुपदेशकाने समोर बसूनच एका जुन्या सभासदाला फोन लावला आणि त्या सभासदाने 'मी तुमच्याबरोबर येतो' म्हणून ठरवलं. पहिल्या गटातला एकही गेला नाही. दुसऱ्यातले सगळे गेले. वीस माणसांवरून जगाचा नियम काढू नये हे मलाही कळतं. पण ज्याने कधी एखाद्या पिणाऱ्या नातेवाइकाला पत्ता लिहून दिला असेल, त्याला या निकालाचं नवल वाटणार नाही. तो कागद शर्टाबरोबर धुण्यात जातो.

आता सोलापूरची म्हणून जी अडचण आहे ती. इथे निनावी राहणार कसं? मुंबईत माणूस दादरहून उठून मुलुंडला मीटिंगला जाईल. इथे नवी पेठेत शिंकलं तर जुळे सोलापुरात कळतं. 'दारूच्या दुकानात जाताना लाज वाटली नाही, मग इथे कसली?' असं जुने सभासद नव्यांना चिडवतात. त्यांच्या तोंडी ते शोभतं, आपल्या तोंडी शोभत नाही, कारण ही भीती खोटी नाही. पिणाऱ्याला आपल्याकडे सवलत आहे: 'चालायचंच, कामाचा शीण असतो.' सोडणाऱ्याकडे मात्र दहा डोळे लागतात, आज प्याला का, उद्या पिईल का. शिक्षकाची, बँकेतल्या माणसाची, मुलीचं लग्न ठरायचंय अशा बापाची धास्ती आपण समजून घ्यायला हवी. यावर तोड एकच दिसते. शहरात एकच मीटिंग असेल तर तिच्या दारात जाणारा प्रत्येक जण ओळखला जातो. वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या वारी अनेक असतील तर अशोक चौकातला माणूस होटगी रस्त्याला जाऊ शकतो. आणि ज्या इमारतीत संध्याकाळी शिवणवर्ग आहे, अभ्यासिका आहे, योगाचा वर्ग आहे, तिथे शिरणारा कशाला शिरला हे कुणाला कळणार?

बायकांच्या बाबतीत माझ्याकडे इतकं सोपं उत्तर नाही. पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत उठून 'मी एक मद्यपी' म्हणता येईल असं मानणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं आहे. स्त्रियांच्या वेगळ्या मीटिंगा, फोनवरच्या आणि ऑनलाइन मीटिंगा यांनी काही अंशी भागतं, पुरतं भागत नाही. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी मात्र अल-अनॉन आहे, १९५१ पासून. ते बिल विल्सनच्या पत्नी लोईस यांनी सुरू केलं. नवऱ्याच्या आमटीत गुपचूप गोळ्या कालवणाऱ्या बाईला त्याची खरी गरज आहे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचून ती ते करते. त्या गोळ्यांत डायसल्फिराम असेल आणि वर नवरा प्याला, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे तिला कुणीतरी दुसऱ्या बाईनेच, तेच करून बसलेल्या बाईने सांगायला हवं. पोस्टर सांगून उपयोग नाही. भाषेचंही तसंच. पूर्वभागात घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू-मराठीची खिचडी, विजापूर वेशीला दखनी, दक्षिण सोलापुरात कन्नड. आपली लाज माणूस शाळेच्या मराठीत सांगत नाही. ज्या भाषेत बायकोशी भांडतो त्या भाषेत सांगतो, आणि ती समजणारे चार जण समोर असावे लागतात.

मग हे सगळं एएवाल्यांनीच का मागू नये? मोर्चात का येत नाहीत, महापालिकेला निवेदन का देत नाहीत, असं दारूबंदीचे कार्यकर्ते चिडून विचारतात. त्याचं उत्तर १८४० च्या बाल्टिमोरमध्ये आहे. तिथे सहा पियक्कडांनी मिळून 'वॉशिंग्टनियन' नावाची मंडळी काढली होती. एकमेकांना सांभाळून दारू सोडायची, बस्स. काही वर्षांत लाखो लोक जोडले गेले. मग मोठी भाषणं आली, दारूबंदीचं राजकारण आलं, कायदा हवा की नको यावर फाटाफूट झाली, आणि दहाएक वर्षांत नाव घ्यायलाही कुणी उरलं नाही. एएने तो धडा घेतला आणि बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर मत द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. दारूबंदीवरसुद्धा नाही. सोलापुरातल्या मंडळांचं काय होतं हे बघितलेल्या माणसाला हा नियम लगेच पटेल: कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर एका नेत्याचा फोटो लागला की दुसऱ्याचे लोक यायचे बंद. तेव्हा ते मागणार नाहीत, आणि त्यांनी मागू नये. मागायचं आपण, ज्यांना तो नियम लागू नाही त्यांनी.

आणि मागताना जपून मागायचं. अनुदान नको, ते घेणार नाहीत. उद्घाटन नको, सत्कार नको, 'व्यसनमुक्त सोलापूर' असा फलक लावून सुटलेल्यांना रांगेत उभं करणं तर नकोच नको. हवं ते फार किरकोळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातून काविळीने पिवळा पडलेला माणूस घरी सोडतात तेव्हा डिस्चार्ज कार्डावर 'दारू पिऊ नये' असं लिहून दिलं जातं. त्याच्या खाली मीटिंगचा वार, वेळ आणि जागा लिहायला किती शाई लागते? त्याहून बरं म्हणजे तो वॉर्डात असतानाच एखाद्या जुन्या सभासदाला बोलावून घेणं. ते येतात, रात्री-अपरात्रीही येतात, कारण दुसऱ्याला सांभाळल्यानेच आपली टिकते असं ते मानतात. उलट, मीटिंगवाल्यांनीही डॉक्टरला टाळून चालणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास, भ्रम सुरू होऊ शकतात आणि यात जीव जातो. अशा माणसाची पहिली पायरी दवाखान्याची, मीटिंग त्यानंतरची. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये किंवा अन्य केंद्रात महिना-सव्वा महिना राहून आलेला माणूस परत येतो तो त्याच गल्लीत, त्याच चौघांत. तिथून पुढची वर्षं कुठलंही केंद्र त्याच्याजवळ राहू शकत नाही. फोन करायचा तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६. पण तिच्या माणसालाही सोलापुरातली मीटिंग कुठे आहे हे सांगता यायला हवं, आणि ती माहिती त्याच्यापर्यंत इथूनच जायला हवी.

राहिला खोलीचा प्रश्न. महापालिकेच्या शाळा पूर्वभागात आहेत, लष्कर भागात आहेत, जुन्या गिरणगावाच्या आसपास आहेत, आणि संध्याकाळी सहानंतर त्यांना कुलूप असतं. एकाला खोली दिली तर उद्या प्रत्येक संघटना मागेल, असं अधिकारी म्हणतील. मागू देत. दर आठवड्याला दीड तास, नाममात्र भाडं, वर्ग होता तसा झाडून परत द्यायचा आणि भिंतीवर कुणाचंही नाव, फोटो, फलक लावायचा नाही, अशी अट सगळ्यांना घाला. मग बघू किती संघटना रांगेत उरतात. शिपायाला जास्तीचा भत्ता द्यावा लागेल, तोही भाड्यातून निघेल. पावती कुणाच्या नावाने फाडायची असा प्रश्न मग लेखा विभागाला नक्की पडेल. गटाच्या नावाने फाडावी, आणि सहीच्या जागी एखाद्याने फक्त पहिलं नाव लिहिलं तर चालवून घ्यावं.